बी.एस्सी. नर्सिंग झालंय, धर्मभगिनी व्हायचंय. इंदुरातून पुढची पावलं कशी टाकायची?

पलासिया_पूर्व यांचा प्रश्न

जय येशू. आम्ही मूळ जालन्याकडचे मराठी कॅथलिक, आता इंदूरकर. माझं वय २४, नर्सिंग पूर्ण, खासगी रुग्णालयात नोकरी चालू आहे. आयुष्य देवाला वाहून घ्यावं हा विचार मनात ठरत आलाय. वरवरची माहिती सगळीकडे मिळते, मला नेमकी हवी आहे.

एक, संस्थेत पाऊल टाकल्यापासून कायमची व्रतं होईपर्यंत टप्पे कोणते आणि वर्षं किती? दोन, माझ्यावर शैक्षणिक कर्ज आहे, अजून दोन-अडीच वर्षांचे हप्ते बाकी. त्याचं काय? तीन, आजोबांचं घर वडिलांच्या नावावर आहे. माझा वाटा आत्ताच भावाच्या नावे सोडून द्यायचा का? घरात सगळे तसंच म्हणतात. चार, माझ्या ओळखीच्या बहुतेक सिस्टर्स केरळच्या सिरो-मलबार, म्हणजे पौर्वात्य कॅथलिक परंपरेच्या संस्थांतल्या आहेत. आम्ही लॅटिन, म्हणजे रोमन परंपरेचे. त्याने काही अडतं का? आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) जालन्याच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) झालाय, कागद कुठून आणायचे?

---

मालव्यातली_सिस्टर

ताई, टप्प्यांचं मी सांगते. कायद्याचं जाणकार सांगतील.

सुरुवात ‘या आणि पाहा’पासून होते. चार दिवसांपासून महिनाभरापर्यंत संस्थेच्या घरी राहून बघायचं असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुतेक संस्था असे दिवस ठेवतात. नोकरी करणाऱ्या मुलीला रजा काढून एरवीही येता येतं, फक्त आधी कळवावं. त्यानंतर उमेदवारी, मग पोस्टुलन्सी, म्हणजे दीक्षाकाळाआधीची तयारी. या दोन्हींचा काळ प्रत्येक संस्थेच्या घटनेत वेगळा असतो, साधारण सहा महिने ते दोन वर्षं. यात भाषा, प्रार्थना आणि सामुदायिक जीवन शिकायचं, आणि संस्थेनेही तुम्हाला ओळखायचं.

खरा उंबरठा नॉव्हिशिएटचा, म्हणजे नवदीक्षाकाळाचा. धर्मविधानाप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, वय १७ पूर्ण हवं आणि काळ निदान १२ महिने, तोही नेमून दिलेल्या नॉव्हिशिएटच्या घरातच. बऱ्याच संस्था दोन वर्षं ठेवतात, त्यापलीकडे तो मुळात नेता येत नाही; फार तर सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. त्यातल्या १२ महिन्यांत घडणीशी थेट संबंध नसलेलं शिक्षण किंवा काम देत नाहीत. नर्स झालेल्या मुलींना सगळ्यात जड जातं ते हेच. वॉर्डात आठ-आठ तास उभं राहायची सवय, तिथे रुग्णाच्या चेहऱ्यावर लगेच कळतं की आपण उपयोगी पडलो. इथे सकाळी स्तोत्रं म्हणायची, अर्धा-पाऊण तास गप्प बसून मनन करायचं, मिस्सा, झाडलोट, वर्ग, बागेत पाणी, संध्याकाळची प्रार्थना. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ‘मी इथे वाया चालले आहे’ असं वाटायला लागतं. ते वाटणं लपवू नका, नॉव्हिस मिस्ट्रेसना, म्हणजे तुमच्या घडणीच्या सिस्टरना, सांगा. हा काळ मुद्दामच असा ठेवलेला आहे. कामाचा आधार काढून घेतल्यावर मागे काय उरतं ते याच काळात दिसतं.

हजेरीचा हिशेब काटेकोर असतो. नॉव्हिशिएटच्या घराबाहेर १५ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. सलग किंवा तुकड्या-तुकड्यांनी मिळून ३ महिन्यांच्या वर गेलं तर नॉव्हिशिएटच अवैध ठरतो, पुन्हा पहिल्यापासून. घरी आजारपण निघालं की हाच नियम आडवा येतो. म्हणून घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ती आटोपूनच आत या.

मग पहिली व्रतं: ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. वय १८ पूर्ण हवं. ही व्रतं मुदतीची असतात, निदान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. काही कारणाने वाढवायची झाली तरी एकूण ९ च्या वर नाही. बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्याने घेतात. या काळात काम सुरू होतं. तुम्हाला दवाखान्यात पाठवतील, कदाचित आणखी शिकवतील. कायमच्या व्रतांना वय २१ पूर्ण आणि आधीची ३ वर्षं मुदतीची व्रतं हवीत. सगळी बेरीज केली तर दाराशी आल्यापासून ८ ते १० वर्षं सहज जातात. त्यामुळे ‘एकदा गेली की गेली’ असं घरचे म्हणत असतील तर त्यांना ही बेरीज दाखवा. मुदतीची व्रतं संपली की मुलगी मोकळी असते. नॉव्हिशिएटमधून तर कोणत्याही दिवशी निघता येतं, आणि संस्थाही ‘तुमचा मार्ग हा नाही’ असं सांगू शकते.

बंदिस्त मठात, म्हणजे कार्मेल किंवा पुअर क्लेअरसारख्या ठिकाणी जायचं असेल तर २०१८ पासूनचे नियम आणखी लांब पल्ल्याचे आहेत: उमेदवारी निदान १ वर्ष, पोस्टुलन्सी निदान १, नॉव्हिशिएट २, मुदतीची व्रतं ५.

‘या आणि पाहा’ला गेलात की पत्रकावर काय छापलंय त्यापेक्षा घरात काय चाललंय ते बघा. म्हाताऱ्या, आजारी सिस्टर्सची खोली कुठे आहे? स्वयंपाकघराजवळ, येता-जाता कुणी डोकावेल अशी, की मागच्या बाजूला? पहाटेच्या प्रार्थनेला सुपीरियर, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टर, स्वतः वेळेवर असतात का? जेवताना धाकट्या बोलतात का, की एकटी मोठी बोलते आणि बाकीच्या ऐकतात? आणि सरळ विचारा: घरी जायला किती दिवस मिळतात, फोन कधी, नॉव्हिशिएट कुठे आहे, तिथली भाषा कोणती. मध्य प्रदेशात काम हिंदीत चालतं, पण वर्ग बऱ्याचदा इंग्रजीत. संस्था केरळची असेल तर जेवणाच्या टेबलावर मल्याळम येतंच. मराठी मुलीला पहिल्या वर्षी एकटेपणा येतो तो प्रार्थनेत कमी आणि जेवताना जास्त.

---

समासातली_नोंद

सिस्टरांनी टप्पे सांगितलेच. मी कागद आणि परंपरा यांबद्दल लिहितो.

नॉव्हिशिएटला घेण्याआधी तीन गोष्टी लागतात: स्नानसंस्काराचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, आणि विवाहाच्या बंधनात नसल्याचं पत्र. पहिला दाखला स्नानसंस्कार जिथे झाला त्याच धर्मग्रामातून आणायचा, म्हणजे जालन्याकडून. लहानपणी मिळालेली, कपाटात लॅमिनेट करून ठेवलेली प्रत चालत नाही. कारण मूळ नोंदवहीच्या समासात पुढच्या नोंदी होत असतात: दृढीकरण, विवाह, कायमची व्रतं. ताजा दाखला समासातल्या नोंदींसह मागायचा. सहा महिन्यांच्या आतला असला की कुणी हरकत घेत नाही. अर्ज करताना जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि स्नानसंस्काराचं निदान वर्ष द्या. तारीख माहीत नसेल तर धर्मग्रामगुरूंना पानं चाळावी लागतात आणि महिना जातो. अडचण बहुधा नावात निघते: नोंदवहीत एक नाव, आधारवर दुसरं, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं. तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. अविवाहित असल्याचं पत्र सध्याच्या, म्हणजे इंदूरच्या तुमच्या धर्मग्रामगुरूंकडून.

चर्चच्या कायद्याने अडथळे मोजके आहेत. वय १७ च्या आत, चालू विवाहबंधन, आधीच दुसऱ्या संस्थेच्या व्रतांनी बांधलेलं असणं, आधी कुठल्या संस्थेत सामील होतो हे लपवणं, आणि दबाव, भीती किंवा फसवणुकीने आत येणं. हा शेवटचा दोन्ही बाजूंनी लागू आहे: सुपीरियरवर दबाव आणून प्रवेश मिळवला तरी तो अवैध. याशिवाय ज्याच्यावर कर्ज आहे आणि ते फेडायची ऐपत नाही त्याला घेऊ नये, असंही धर्मविधान सांगतं. तुमच्या प्रश्नातला कर्जाचा भाग इथे येतो.

आता सिरो-मलबार. तुम्ही लॅटिन, संस्था सिरो-मलबार, तर नॉव्हिशिएटमध्ये घेण्यासाठी रोमची परवानगी लागते. पौर्वात्य चर्चेसच्या विधानात हे स्पष्ट आहे. अपवाद एकच: त्या संस्थेचा लॅटिन परंपरेचा प्रांत किंवा घर असेल आणि उमेदवार त्यासाठीच घेतली जात असेल तर. ही परवानगी मागणं संस्थेचं काम आहे, तुमचं नाही, पण तुम्ही पहिल्याच भेटीत ‘मी लॅटिन आहे’ हे बोला. बऱ्याच मुली सांगत नाहीत, कारण इथे सगळे एकाच मिस्सेला जातात आणि फरक कधी जाणवतच नाही. मग पोस्टुलन्सी संपत आली की दाखल्यावरून कळतं आणि पत्रव्यवहारात नॉव्हिशिएटची तारीख हुकते.

आपल्या भागात हे सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. इंदूर लॅटिन धर्मप्रांत. डिव्हाइन वर्ड या धर्मगुरूंच्या संस्थेचे पहिले मिशनरी भारतात आले ते १९३२ मध्ये, आणि इथेच, इंदूरला. शेजारचा उज्जैन मात्र सिरो-मलबार धर्मप्रांत. धन्य (संतपदाआधीची पायरी) सिस्टर राणी मारिया फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेच्या, म्हणजे सिरो-मलबार परंपरेतल्या, पण काम केलं इंदूर धर्मप्रांतातल्या उदयनगरला. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना धन्य घोषित केलं. परंपरा वेगळी म्हणून ती संस्था तुमच्यासाठी बंद आहे असं अजिबात नाही. कागद वेळेत हलवावे लागतात, एवढंच.

---

वकील_छावणी

घराचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे घाईत चूक होते आहे.

ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यात वडिलोपार्जित घरात मुलांना जन्मतः वाटा नाही. घर वडिलांच्या नावावर आणि वडील हयात, म्हणजे मालक तेच. तुमच्याकडे आज वाटाच नाही, मग सोडणार काय? पुढे वारसा मिळेल ही नुसती शक्यता आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशी शक्यता हस्तांतरित करता येत नाही. भावाच्या नावे आत्ता हक्कसोड लिहून दिलीत तर मुद्रांकाचे पैसे जातील आणि हातात निरुपयोगी कागद येईल. घर भावाला द्यायचं असेल तर वडिलांनी मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करावं. मृत्युपत्र न करता ते गेले, तर मुलगा-मुलगी सारखे वारस, आणि तेव्हा तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवता येईल.

धर्मविधानही घाई करायला सांगत नाही. पहिल्या व्रतांआधी आपल्या मालमत्तेची व्यवस्था आणि उत्पन्न कुणाकडे राहील एवढं ठरवून द्यायचं, मालकी तुमचीच राहते. मृत्युपत्र कायमच्या व्रतांआधी, आणि ते देशाच्या कायद्याप्रमाणे वैध हवं. बहुतेक सेवाभावी संस्थांत हीच पद्धत असते. पूर्ण त्याग करायला लावणाऱ्या संस्था थोड्या, त्यांच्या घटनेत तसं लिहिलेलं असतं. मुदतीच्या व्रतांच्या काळातच कुणी ‘सगळं लिहून दे’ म्हणत असेल, मग ते घरचे असोत की बाहेरचे, तर थांबा आणि घटनेतलं कलम मागा.

मृत्युपत्रासाठी दोन साक्षीदार, आणि दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं किंवा तुमच्या तोंडून त्या सहीची कबुली ऐकलेली हवी. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नका. मृत्युपत्र टिकतं, पण त्या साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं. घरच्या घरी सह्या उरकताना भाऊ-वहिनीच साक्षीदार होतात, म्हणून हे खास सांगतो. पूर्वी जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मृत्युपत्राने काही द्यायचं तर बारा महिन्यांची जाचक अट होती, कलम ११८ ची. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. जुने लोक अजून तीच सांगतात. आणखी एक: लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. मुदतीच्या काळात मृत्युपत्र केलं, पुढे बाहेर पडून लग्न केलं, तर ते मृत्युपत्र संपलं असं धरा.

कर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आधी फेडा. वडील सहकर्जदार असतील तर तुम्ही आत गेल्यावर बँक त्यांच्या दाराशी जाईल. व्रतं घेतल्यावर तुमचं वेतन तुमचं राहत नाही, संस्थेचं होतं, त्यामुळे हप्ता भरायला तुमच्या हातात काही नसेल. संस्थेने भरावं अशी अपेक्षा ठेवू नका. फेडून झालं की बँकेकडून ‘काही बाकी नाही’चं पत्र घ्या. रुग्णालयाचा बाँड असेल तर तोही मुदतीने संपू द्या. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र चालू ठेवा, नूतनीकरण चुकवू नका. संस्थेत राहिलात तरी लागेल, परत आलात तरी लागेल.

नावही शक्यतो बदलू नका. आता बऱ्याच संस्था स्नानसंस्काराचंच नाव ठेवू देतात. धर्मजीवनातलं नाव वेगळं मिळालं तर ते घरात वापरा, पॅन, आधार, पासपोर्ट, नोंदणी सगळीकडे जुनं नाव एकसारखं राहू द्या. आणि वेतन संस्थेला गेलं म्हणून आयकर सुटतो असं नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर्स आणि फादर यांच्या वेतनातून करकपात होईल, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलं.

---

पलासिया_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. हक्कसोडीचं आजच घरी बोलते.

अजून दोन शंका. कर्ज फिटेपर्यंत दोन-अडीच वर्षं आहेत, तोवर नुसतं थांबायचं का? आणि तीन-चार संस्थांशी एकदम बोलणं सुरू केलंय, कुठली आपली हे कळत नाही.

---

मौनशिबिर_इंदूर

बेटा, ही दोन वर्षं थांबण्याची समजू नका. एरवी लोकांना इतका वेळ मिळत नाही.

आध्यात्मिक मार्गदर्शक आधी शोधा. फादर असोत, सिस्टर असोत किंवा या विषयात तयार झालेल्या प्रापंचिक व्यक्ती, पण ज्या संस्थेत जायचं तिथल्या प्रवेशाचा निर्णय त्यांच्या हाती नसावा. महिन्यातून एकदा तासभर भेट. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास शुभवर्तमानाचा एकच उतारा घेऊन शांत बसायचं. पाळ्यांची नोकरी आहे म्हणून घड्याळाची वेळ जमणार नाही, तेव्हा वेळ पाळीला बांधा: ‘ड्युटीवरून आल्यावर, आंघोळीनंतर, जेवणाआधी’. जेवण झालं की झोप येते आणि प्रार्थना उद्यावर जाते. रात्री पाच-दहा मिनिटं दिवस मागे वळून पाहायचा आणि वहीत दोन ओळी: आज मन कुठे देवाकडे ओढलं गेलं, कुठे आटलं. ललित लिहायचं नाही, तारीख आणि दोन ओळी पुरे. सहा महिन्यांनी ती वही मार्गदर्शकासमोर ठेवा. एका दिवसाच्या भावनेवरून काही ठरत नाही, सहा महिन्यांत जी गोष्ट पुन्हा पुन्हा येते तिच्यावरून ठरतं.

संत इग्नेशियसने निर्णयाबद्दल दोन सूचना दिल्या आहेत, त्या तुमच्या कामाच्या आहेत. मन कोरडं, खचलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आणि मन भरून आलेलं असताना घाईने वचन देऊ नये. मौनशिबिर संपवून घरी परतताना जो उत्साह असतो त्या दिवशी कुठल्याही संस्थेला होकार कळवू नका, तीन आठवडे जाऊ द्या. ओढ तरीही तशीच असेल तर तिच्यावर भरवसा ठेवावा. मन ना इकडे ना तिकडे असं स्थिर असेल तेव्हा कागदावर चार रकाने करा: जाण्याचे लाभ, जाण्यातल्या अडचणी, न जाण्याचे लाभ, न जाण्यातल्या अडचणी. दोन रकान्यांत काम भागत नाही. न जाण्याचे लाभ वेगळे लिहायला बसलं की लपलेली भीती वर येते. मुद्दे मोजू नका, वजन करा.

तीन-चार संस्था एकदम नकोत. संस्था निवडताना तिचं काम बघायच्या आधी तिचा विशेष आत्मा, म्हणजे मूळ प्रेरणा, बघा. दवाखाने अनेकींचे आहेत. पण एकीच्या मुळाशी गरिबी असते, दुसरीच्या मुळाशी पवित्र हृदयाची उपासना, तिसरीच्या मुळाशी शिक्षण. मिशनरीज ऑफ चॅरिटीत तर चौथं व्रत आहे, गरिबांतल्या गरिबांची मनापासून, विनामूल्य सेवा. तुमच्या वहीतल्या ओळींशी जिचा सूर जुळतो तिच्याकडे आधी जा, तो विषय पूर्ण संपवा, मगच दुसरी. सगळीकडे एकाच वेळी गेलं की मन तुलना करत बसतं, ऐकत नाही.

एक प्रश्न टाळू नका: मी कशाकडे जाते आहे, की कशापासून पळते आहे? लग्नाची घाई, मोडलेलं नातं, घरातलं भांडण, नोकरीतला कंटाळा. यांपैकी काही असलं म्हणून पाचारण, म्हणजे देवाची हाक, खोटं ठरत नाही, पण ते बाजूला काढून बघावं लागतं. काही महिन्यांनी तीच भांडणं मठातल्या वीस जणींत पुन्हा भेटतात. आजारपण, औषधं, मानसिक उपचार लपवू नका. संस्था वैद्यकीय आणि कधी मानसशास्त्रीय तपासणी मागते. ती तुमच्या संमतीनेच व्हायला हवी आणि अहवाल कोण वाचणार हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पापनिवेदनाचंही असंच. घडणीची जबाबदारी असलेल्या सिस्टर किंवा सुपीरियर मनातलं सगळं उघड करायला भाग पाडू शकत नाहीत. विश्वासाने आपणहून सांगणं वेगळं.

---

घरातूनच_सेवा

मठाबाहेरचेही मार्ग आहेत, ते कुणी सांगितले नाहीत म्हणून लिहिते. तुमचं पाचारण नर्सिंगच्या वॉर्डात राहूनच देवाला वाहून घेण्याचं असू शकतं.

ऐहिक संस्था, म्हणजे सेक्युलर इन्स्टिट्यूट, १९४७ पासून मान्यताप्राप्त आहेत. सभासद ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन यांना बांधून घेतात, पण गणवेश नाही, स्वतःची नोकरी, बहुधा स्वतःचं घर. दुसरा मार्ग समर्पित कुमारिकेचा. आदिम ख्रिस्तसभेतली ही परंपरा १९७० च्या नव्या विधीने जगात राहणाऱ्या स्त्रियांसाठी पुन्हा खुली झाली. समर्पण थेट धर्मप्रांताच्या बिशपांच्या हातून होतं, कुठली संस्था मध्ये नसते. निर्वाह स्वतःचा स्वतः करायचा, नित्याची प्रार्थना म्हणायची, अंगठी मिळते. २०१८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे समर्पणासाठी वय साधारण २५ च्या आत नसावं आणि आधी काही वर्षांची तयारी हवी. अडचण एकच: पाठीशी समुदाय नसतो. आजारपणात, म्हातारपणात कोण, याचा हिशेब आधीपासून करावा लागतो. विमा, निवृत्तीची बचत, राहायची जागा, सगळं स्वतःचं. घरी आईवडिलांना सांभाळायचं असेल त्यांनी हा मार्ग जरूर तपासावा.

विवाहितांनाही खुले असे सेक्युलर फ्रान्सिस्कनसारखे तृतीय संघ, म्हणजे संसारात राहणाऱ्यांचे संघ, आहेत. तिथे घडण निदान वर्षभराची असते.

---

रतलाम_लाइन

मध्येच विचारतो. पुतण्याला फादर व्हायचंय, धर्मप्रांताचे. त्यालाही हीच व्रतं का? आणि एका मुलीचा प्रश्न आहे, घर हिंदू, तिला सिस्टर व्हायचंय.

---

समासातली_नोंद

पुतण्याचं वेगळं. धर्मप्रांताचे फादर व्रतं घेत नाहीत. डीकन (फादर होण्याआधीची पायरी) होताना ब्रह्मचर्याचं वचन, आणि बिशपांना आदर व आज्ञापालनाचं वचन. दारिद्र्याचं व्रत नाही, त्यामुळे स्वतःच्या नावे मालमत्ता असू शकते. अभ्यास सहा पूर्ण वर्षांचा: तत्त्वज्ञान दोन, ईश्वरविज्ञान चार. मध्ये बहुतेक ठिकाणी वर्षभर धर्मग्रामात काम. डीकनसाठी वय २३, फादरसाठी २५ पूर्ण. संस्थेचे फादर व्हायचं असेल, उदाहरणार्थ जेझुइट किंवा डिव्हाइन वर्ड, तर व्रतं आली. जेझुइट मात्र दोन वर्षांच्या नॉव्हिशिएटनंतर सरळ कायमची व्रतं घेतात, मुदतीची नाहीत.

त्या मुलीने आधी श्रद्धेची तयारी करावी, दीक्षार्थी म्हणून, निदान वर्षभर. स्नानसंस्कारानंतरही संस्था दोन-तीन वर्षं थांबायला सांगतात आणि ते योग्यच आहे, नवी श्रद्धा आधी साध्या धर्मग्रामात रुजू द्यावी. मध्य प्रदेशातल्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याप्रमाणे धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूंनी, दोघांनी, जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवायचं असतं. वकिलाकडून आजची स्थिती तपासल्याशिवाय तारीख ठरवू नका. ती सज्ञान आहे का, घरी माहीत आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

---

पलासिया_पूर्व

शेवटचं. आई विचारते आहे, अंतिम व्रतांच्या दिवशी नेमकं काय होतं? तिला वाटतं मुलीचे केस कापतात आणि काळ्या कापडाखाली झोपवतात.

---

मालव्यातली_सिस्टर

आईंना सांगा, आजच्या विधीत ते दोन्ही नाही.

मिस्सेत शुभवर्तमानानंतर नाव घेऊन बोलावतात, मुलगी उभी राहून ‘हे प्रभू, तू मला बोलावलंस, ही मी’ अशा अर्थाचं उत्तर देते. प्रवचनानंतर प्रश्न विचारले जातात: आयुष्यभरासाठी, स्वखुशीने? मग सगळ्या संतांची आळवणी होते आणि तेवढा वेळ ती वेदीसमोर पालथी पडून असते. आईंनी ऐकलंय ते इथून आलं असावं. उठल्यावर ती व्रतांचं वचन वाचते. ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. सुपीरियर किंवा त्यांनी लेखी नेमलेल्या सिस्टर ते स्वीकारतात. हे स्वीकारणं नुसती रीत नव्हे, अधिकार नसलेल्या व्यक्तीने स्वीकारलं तर व्रत अवैध ठरतं. म्हणून प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांताच्या प्रमुख सिस्टर, परगावी असतील तर नेमणुकीचं पत्र आदल्या दिवशी हातात आहे ना ते पाहतात. मग त्या कागदावर शक्यतो वेदीवरच सही, त्यानंतर दीर्घ आशीर्वाद, आणि बहुतेक संस्थांत अंगठी. आईवडील पुढच्या बाकावर असतात, अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस घेऊन त्यांनीच जावं अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

कागदाचं सांगून ठेवते. वचन आधीच्या आठवड्यात लिहा, आदल्या रात्री नको, हात थरथरतो आणि खाडाखोड होते. खाडाखोड झालेली प्रत दप्तरात ठेवत नाहीत, पुन्हा लिहावी लागते. दोन प्रती करा. वेदीवरचं कापड मऊ असतं, पेनाचं टोक कागद फाडून आत जातं, म्हणून खाली पातळ पुठ्ठा ठेवायला वेदीची तयारी करणाऱ्या सिस्टरला सांगा. आणि विधी झाल्यावर सुपीरियरना आठवण करा की जालन्याच्या धर्मग्रामाला कळवायचं आहे. नोंदवहीत तुमच्या स्नानसंस्काराच्या ओळीशेजारी समासात तारीख चढली, की त्या दिवसाचं काम पूर्ण झालं.